कामणचा नग

नाताळात वसईच्या पापडीतल्या घराघरांत मांडलेले येशूजन्माचे गोठे तपासायला मर्विनचे वडील जात, तेव्हा त्यांचा एक नेम असे. गोठा कितीही देखणा असो, मांडणाऱ्याला तोंडावर एक खोट सांगायची आणि मगच त्या घरचा केक तोंडात घालायचा. खोट सांगितली नाही तर माणूस आहे तिथेच थांबतो, असं ते म्हणत. वडील गेले, गोठ्यांचं काम दुसऱ्यांकडे गेलं. नेम तेवढा मर्विनकडे राहिला. त्याने तो डायनासोरांना लावला.

पन्नाशीतला मर्विन कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला. दात कुठे खोटा दिसतो, हिरडीचा रंग कुठे फसतो, हे ओळखण्यात हयात गेलेली. घरी काचेच्या कपाटात हाताने घडवलेले, रंगवलेले डायनासोर होते. कोणी त्यांना खेळणी म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी चढे. वसई-विरारच्या अशा शौकिनांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. तो काढला होता विरारच्या फर्डिनंडने, मर्विनच्या शाळेपासूनच्या दोस्ताने. पण शब्द चाले मर्विनचा. नव्या नगाचा फोटो पडला की सगळे गप्प बसून वाट बघत. मग मर्विन लिही, "तळवे खाली वळलेत. हा प्राणी टाळी वाजवल्यासारखे हात समोरासमोर धरायचा." किंवा, "दात ओठांबाहेर का? सुकून तडकतील." त्यानंतर बाकीच्यांना तोंड फुटे.

ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमधून आल्यावर त्याची बायको फ्लॉसी म्हणाली, "मी ईस्टरपर्यंत मासळी सोडली. तू काय सोडणार?"

"बघू."

"लोकांच्या कामात खोट काढणं सोड."

"ती खोट नव्हे गं, मदत असते."

"हो का? मग मदत करताना तुझा चेहरा इतका खूश का होतो?"

त्याच आठवड्यात अल्पेशच्या नव्या नगाचा फोटो पडला. हा कामणच्या गोदामात काम करणारा, छंदाला अगदी नवा. परवापर्यंत प्लास्टिकची लांब मानेची जनावरं मिरवत होता. मर्विनने फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. ग्रुप वाट बघत होता. लिहायला काही सापडेना. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्याबरोबर त्याने स्कूटर काढली आणि कामण गाठलं.

अल्पेशच्या घरी टीव्हीशेजारच्या फळीवर तो डायनासोर उभा होता. हातभर लांब, दोन पायांवर, भाजलेल्या मातीच्या तुकड्यावर. दात ओठांनी झाकलेले. गुडघ्यामागे कातडीच्या घड्या, जबड्याखाली सैल झोळ, नाकपुडीपाशी कधीकाळी खरचटल्याची भरत आलेली खूण. बाहेरून ट्रक गेला, खिडकी थरथरली. आपल्या कपाटातले सगळे नग मर्विनला एकदम साबणाच्या वड्यांसारखे वाटले.

"कोणी बनवला?"

"काय म्हाईत, अंकल. गोदामात पार्सल पडून होतं, घ्यायला कोन आलंच नाय. साहेब बोलले, घेऊन जा घरी."

घेऊन जा घरी! घरात काय आलंय हे या पोराला कळतही नाही, आणि आलं मात्र त्याच्याकडे.

"अंकल, चहा निवतोय," अल्पेशची बायको रचना म्हणाली.

मर्विनने कपाला हात लावला नव्हता. "वजन नाही याला," तो शेवटी म्हणाला. "पाय मातीवर नुसते ठेवलेत. रुतलेले नाहीत."

अल्पेशचा चेहरा पडला. मर्विनने चहा प्यायला. गोड लागला.

तो घरी आला तेव्हा फ्लॉसी दचकली. "कधी आलास? पाऊलसुद्धा वाजलं नाही."

काही दिवसांनी अल्पेशने पुन्हा फोटो टाकला. पाय मातीत रुतले होते. बोटांमधून माती वर आली होती. मर्विन तसाच कामणला गेला.

"कोरलंस?"

"आयची शप्पथ, हात नाय लावला. मला कुठे येतं ते?"

मर्विनने मातीवरून नख फिरवलं. दगडासारखी कडक. हत्याराचा ओरखडा नाही. तेव्हाच उठायला हवं होतं. पण रचनाने चहा आणून ठेवला होता, आणि फर्डिनंडने त्या फोटोखाली लिहिलेलं त्याला आठवत होतं: असा नग आपल्या कोणाकडेच नाही.

"डोळ्यात ओल नाही," तो म्हणाला. "काच आहे ती."

त्या संध्याकाळी जेवताना फ्लॉसीने हातातला घास खाली ठेवला. "डोळे मिटत का नाहीस रे तू? मी कधीची बघतेय, काचेसारखे कोरडे दिसतायत."

मग अल्पेशचाच फोन आला. "अंकल, तुम्ही घेऊन जा तो. रचना त्या खोलीत पाय ठेवत नाय. बोलते, तो बघतो."

मर्विनला इतका आनंद झाला की भर दुपारीच त्याने स्कूटर काढली.

त्या प्राण्याचे डोळे ओले होते. खालच्या पापणीच्या कडेला पाण्याची रेघ चमकत होती. अल्पेश गुंडाळायला जुनी चादर घेऊन उभा. रचनाने दारातूनच चहा पुढे केला आणि ती मागे सरली.

बोललं की काय होतं, हे मर्विनला आता ठाऊक होतं. चहा तसाच ठेवून उठता आलं असतं. फ्लॉसीचं बोलणंही आठवलं. पण हा आता त्याच्या कपाटात येणार होता. तिथे उद्या फर्डिनंड येईल, वाकून बघेल, आणि राहिलेली खोट तो काढेल. मर्विनच्या घरात, मर्विनच्या देखत.

"श्वास नाही," मर्विन म्हणाला.

अल्पेश चादर पसरू लागला.

चहाला चव नव्हती.

निघताना अल्पेशने फोटो काढला: खुर्चीवर मर्विन, मांडीवर तो.

फ्लॉसी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गेली होती. घर रिकामं. मर्विनने मधल्या फळीवरचे सगळे नग काढले, तिथे त्याला ठेवलं, दार लावलं आणि काचेला नाक लावून बसला.

काच आतून धुरकट झाली. बाहेरून, मर्विनच्या नाकासमोर, स्वच्छच होती. निवळली. पुन्हा धुरकट झाली.

फोन वाजला. अल्पेशने फोटो टाकला होता, आणि या वेळी मर्विनच्या आधी फर्डिनंडने लिहिलं होतं:

"प्राणी एकदम जिवंत. खोट काढायला जागा नाही. त्याला धरून बसलेला माणूस कोणी केलाय? कपडे, केस बरे जमलेत. पण चेहऱ्याला ओळख नाही. नुसता कोणीतरी माणूस."

खाली एकेक करून अंगठे उमटत गेले. त्यात अल्पेशचाही होता.