आधी आली ती धाकटी

पाहुण्यानं जमिनीवर पालथं पडून साष्टांग दंडवत घातला, आणि तो चुकीच्या बहिणीपुढं घातला.

हातात पोह्यांच्या बशांचा ट्रे, कमरेला खोचलेला पदर आणि चेहऱ्यावर जन्मभर वापरून गुळगुळीत झालेलं हसू घेऊन कालिंदी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सिडकोतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात चार माणसं बसली की पाचव्यानं आपलं उभंच राहावं. तिथं सहा फुटांचा केहिंडे पांढऱ्या झब्ब्यात, पाय थेट मोरीपर्यंत लांबवून, सरिताच्या पुढ्यात आडवा पडला होता. आधी तो खाटेवरच्या आजीपुढं, आवडाबाईपुढं, तसाच पडला होता, तेव्हा सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या होत्या. "आमच्या शिवमला पाया पड म्हटलं तर गुडघ्याला खाज सुटल्यासारखं करतो!" असं इंद्रजीतराव म्हणालेसुद्धा. पण आजीनंतरचा मान मावशीचा, म्हणजे थोरलीचा... हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं का?

"बेटा, बडी वो है! कालिंदीताई!" इंद्रजीतराव घाईनं म्हणाले. "जुड़वाँ हैं, लेकिन ताई पहले आयी. पंधरा मिनिटं आधी!"

"मालूम है अंकल," जमिनीवरून शांत आवाज आला. "इसीलिए."

आणि तो उठेना. त्याच्या मुलखात आशीर्वाद मिळाल्याशिवाय उठत नसत. शेवटी सरितानं गोंधळून, तापल्या तव्याला लावावा तसा, त्याच्या पाठीला हात लावला.

हसण्यासारखी गोष्ट होती खरं म्हणजे. पण आयुष्यानं कालिंदीच्या पदरात टाकलेली एकुलती एक चीज म्हणजे ते थोरलेपण, आणि तेही आज एका परमुलखातल्या जावयानं, लोटांगण घालून, अत्यंत आदरपूर्वक काढून घेतलं होतं...

केहिंडे मूळचा नायजेरियातल्या इबादानचा, योरुबा. इथल्या विद्यापीठात औषधशास्त्र शिकायला आला आणि मोनिकाच्या, म्हणजे सरिताच्या लेकीच्या, प्रेमात पडला. हिंदी तो शहागंजातल्या दुकानदारांकडून शिकला होता, त्यामुळं ती चांगलीच चालायची. तिच्या बापानं, इंद्रजीतरावांनी, दोन वर्षं घरात जणू सुतक पाळलं. "समाजाला तोंड कसं दाखवू?" म्हणत ते रोज समाजाला तोंड दाखवायला बाहेर जात. मग केहिंडेला कॅनडात नोकरी लागली आणि त्यांना एकाएकी उमगलं, की जात, धर्म, वर्ण ही सारी माणसानं निर्माण केलेली बंधनं आहेत. आता लग्न ठरलं होतं. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजीला नवरदेव दाखवायला सगळे आज इथं जमले होते.

आजी इथं होती, कारण कालिंदी इथं होती. आणि कालिंदी इथं होती, कारण ती थोरली होती.

बापू, म्हणजे तिचे वडील बन्सी, वाळूजच्या कंपनीतून घरी येताना अपघातात गेले, तेव्हा दोघी बहिणी कॉलेजच्या एकाच वर्गात होत्या. "तू थोरली ना गं माझी?" आईनं एवढंच विचारलं होतं. कालिंदीनं कॉलेज सोडलं आणि एका शाळेच्या ऑफिसात चिकटली. सरिता शिकली. पुढं एक स्थळ आलं, कालिंदीचा फोटो पाहून ते तिला बघायला येणार होतं. पण थोरली गेली तर घर कोण चालवणार? आई रात्रभर डोळ्याला पदर लावून बसली... आणि दुसऱ्या दिवशी कालिंदीनं आपल्या हातानं सरिताला साडी नेसवून, चहाचा ट्रे देऊन बाहेर पाठवलं. नवऱ्या मुलानं फारशी कुरकुर केली नाही. बहिणी जुळ्या होत्या, चेहरा तोच होता. तो नवरा मुलगा म्हणजे इंद्रजीतराव. आताही ते त्याच चेहऱ्यानं समोर बसून, तिच्या ट्रेमधून उचललेल्या बशीतल्या पोह्यांवरचं खोबरं निवडून खात होते.

"पण असं का रे?" मोनिकानं हसत विचारलं. "मावशी आधी आली, तर मोठी तीच ना?"

"नहीं ना!" केहिंडे मांडी घालून बसला. "हमारे में जुड़वाँ में जो पीछे आता, वोइच बड़ा. वो अंदर से छोटे को बोलता, तू आगे जा. दुनिया चख के देख, मीठी है क्या कड़वी. फिर मेरे को आवाज दे. छोटा बाहर आ के रोता. वो रोना सुन के बड़ा पीछे से आता, आराम से." मग त्यानं निष्पापपणे कालिंदीकडं पाहिलं. "आगे तो नौकर चलता ना मावशी? राजा पीछे आता."

मोनिकानं त्याला कोपरानं ढोसलं.

"मैं केहिंडे, मतलब पीछे आया हुआ," तो म्हणाला. "मेरी बहन ताइवो मेरे पहले आयी. तो बड़ा मैं. बाबा का धंदा बैठ गया, तब वो पढ़ी, मैं चाचा की दुकान में बैठा. बड़े को करना पड़ता."

म्हणजे तिकडंही थोरल्याचंच मरण! कालिंदीला त्या पोराबद्दल एकदम माया दाटून आली. आणि त्या मायेच्या आडून, पन्नाशी उलटून गेल्यावर, एक साधा सरळ विचार तिच्या डोक्यात आला... बडे को करना पडता.

ट्रे खाली ठेवून तिनं हात पुसले.

"मग सरू, आईला कधी नेतेस?"

सरिताच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कारण हा प्रश्न नवा नव्हता. नाशिकला कामावर जाणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहात कालिंदीला रेक्टरची नोकरी मिळाली होती. राहायला खोली होती, दाराला आतून कडी होती. सांभाळायच्या पुन्हा मुलीच होत्या म्हणा, पण या पगारी. एक तारखेला हजर व्हायचं होतं. हे तिनं सरिताला फोनवर सांगितलं, तेव्हा सरिता म्हणाली होती, "लग्नानंतर बघू गं." लग्नानंतर मोनिकाचा व्हिसा, व्हिसानंतर शिवमची परीक्षा... सरिताच्या आयुष्यात 'नंतर' या जागेत सगळ्या जगाची सोय होती, फक्त कालिंदीचा नंबर तिथं लागत नव्हता.

"ताई, हा काय विषय आहे का आत्ता? पाहुण्यांसमोर?"

"पाहुण्यांनीच काढला."

"अगं, ती त्यांच्यातली पद्धत! गंमत ती!"

"आपल्यातली पद्धत पन्नास वर्षं पाळली. ती कुठं गंमत होती?"

"कालिंदीताई, तुम्हाला मान आहे घरात," इंद्रजीतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही..."

"मान!" कालिंदीचा आवाज चिरकला. "मानाची साडी दर दिवाळीला येते इंद्रजीतराव, कपाटात ठेवायला जागा नाही! एकदा तरी कुणी विचारलं का मला, की कालिंदी, तुला काय हवंय? मी तेच सांगतेय, की मला जायचंय! मला एकदा दाराला आतून कडी लावून बसायचंय!"

सरिताला रडू कोसळलं. लहानपणापासून तिला ते लवकर कोसळायचं आणि कोसळलं की काम व्हायचं. "मला जमणार नाही गं ताई... आईचं उठणं-बसणं, अंघोळ, अंथरूण... तुला सवय आहे. देवानंच तुला आधी पाठवलं, त्याला मी काय करू? तू थोरली आहेस!"

"न्हाय," खाटेवरून आवाज आला.

सगळे वळले. आवडाबाई छताकडं बघत होती.

"ती थोरली हाय का न्हाय, मला ठाव नाय."

"आई, काय बोलतेस?" सरिता म्हणाली. "पाणी देऊ का?"

"पानी नगं. गप ऐक." म्हातारीनं ओठांवरनं जीभ फिरवली. "सिल्लोडाकडं, आपल्या गावी झाल्या तुमी. चंपाबाई सुईन हुती. पयल्या पोरीच्या पायात तिनं काळा दोरा बांधला. न्हाऊ घालताना दोरा सुटला, गेला पान्यासंगं वाहून. दोन्ही सारख्याच! चंपाबाई म्हनली, सांगू नगंस कुनाला, माझं नाव जाईल. सांजच्याला तुमचा बाप आला. म्हनला, थोरली कोन गं? लोक इचारत्यात."

"मग?" हे कालिंदीनं विचारलं की सरितानं, ते दोघींनाही नंतर आठवलं नाही.

"एक टाहो फोडत हुती. छातीला धरलं तरी गप ऱ्हाईना. आन् एक गप पडून हुती, टकाटका बघत सगळ्यांकडं. म्या म्हनलं..." म्हातारीनं छतावरची नजर कालिंदीकडं वळवली. "म्या म्हनलं, ही गप हाय. हिला झेपंल. हीच थोरली."

इंद्रजीतरावांनी तोंडातला घास न चावता गिळला.

कालिंदी खाटेच्या कडेला बसली. कॉलेज, ते स्थळ, तो साडी नेसवलेला दिवस, आईच्या अंगाखालची हजारदा बदललेली चादर, हे सगळं ती विधिलिखित समजून चालली होती. नियतीशी माणूस भांडत नाही. पण ही नियती नव्हती, एका ओल्या बाळंतिणीनं सांजच्याला घाईघाईनं घेतलेला निर्णय होता!

"मी रडले नाही म्हणून?" ती पुटपुटली. "एवढ्यासाठी, आई?"

"सटवाईनं लिवलं माय तुझ्या कपाळी..."

"सटवाईनं नव्हे. तू."

आवडाबाईनं हात पुढं केला. "लई चुकलं माझं... सांगावं सांगावं म्हनलं. पर सांगितलं असतं आन् तू गेली असतीस तर? मला कुनी बघितलं असतं?" म्हातारी हमसून हमसून रडू लागली.

त्या उत्तरात इतकं नागडं सत्य होतं, की कालिंदीला रागही धड येईना. तिनं आईचा हात हातात घेतला. सवयच ती! मनगटाची कातडी कोरडी पडली होती, तेल लावायला हवं होतं, हेही तिच्या ध्यानात आलं आणि त्याचाच तिला संताप आला.

सरिताचं रडणं मात्र थांबलं होतं. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि आपल्याच डोळ्यांतलं पाणी बोटावर घेऊन प्रथमच पाहावं तशी पाहत होती.

"म्हणजे मी रडत होते, म्हणून मला सगळं मिळालं," ती म्हणाली. "आणि आत्ताही तेच करत होते."

"सरिता, अगं हे भावनेच्या भरात..." इंद्रजीतराव उठले.

"तुम्ही बसा. पोहे संपवा."

इतक्या वर्षांत इंद्रजीतरावांना कुणी असं सांगितलं नव्हतं. ते बसले.

सरितानं कोपऱ्यातलं कपाट उघडलं आणि आईची लुगडी, चादरी, औषधांचा डबा एकेक करून बाहेर काढायला लागली. मधेच तिनं मलमाची बाटली उचलून "ही कशाची गं?" म्हणून विचारलं, आणि विचारता विचारताच तिचा चेहरा वेडावाकडा झाला. पण या खेपेला तिनं रडू गिळलं. गिळायची सवय नसल्यानं तिला उचकी लागली.

"पाठीची," कालिंदी म्हणाली. "सकाळी आणि झोपताना. कुशीवर वळवताना डाव्या बाजूनं वळव. ओरडते, पण ते खोटं असतं."

"खरं असतंय," खाटेवरून आवडाबाई म्हणाली.

केहिंडे अवघडून उभा होता. "मावशी, सॉरी. मेरे से गलती हुई क्या?"

कालिंदीनं त्याच्याकडं पाहिलं. एवढा मोठा देह, आणि चेहरा कप फोडलेल्या लेकरासारखा!

"झुक जा," ती म्हणाली. "मला अजून नमस्कार नाही केलास." तो पुन्हा सगळाच्या सगळा जमिनीवर गेला, तेव्हा तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा. आणि पोरं झाली, तर एकेकटी होऊ देत."

एक तारखेच्या आदल्या सकाळी सरिता तिला बसस्टँडवर सोडायला आली. आई चार दिवसांपासून गारखेड्याला तिच्याकडं होती, आणि चार दिवसांत सरिताच्या डोळ्यांखाली ती ओळखीची काळी वर्तुळं उमटली होती. दोघी आता पूर्वीपेक्षा जास्त सारख्या दिसत होत्या. नाशिकची गाडी लागली. बॅग वर चढवून सरिता खिडकीखाली येऊन उभी राहिली. क्षमा मागायची तर कुठून सुरुवात करायची? आणि करायची तर ती किती वर्षांची?

"तू पुढं जा," शेवटी सरिता म्हणाली. "कसं आहे ते कळव."

खोली लहान होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. कालिंदीनं दाराला आतून कडी लावली. मग काढली, आणि पुन्हा लावून पाहिली. एका माणसापुरता चहा तिनं आयुष्यात कधी केला नव्हता, त्यामुळं तो तिघांपुरता झाला. खुर्चीत बसून पहिला घोट घेते, तोच फोन वाजला.

"पोचलीस का गं?" सरिताचा दमलेला आवाज आला, आणि त्याच्या मागून, लांबून, दुसरा आवाज. "थोरलेऽऽ! पानी दे गंऽऽ!"

कालिंदी कप खाली ठेवून उठलीसुद्धा. हात माठाच्या दिशेनं पुढं गेला. तिथं नाशिकची भिंत होती...

"आले, आई!" फोनमधून सरिता ओरडली.

कालिंदी तशीच उभी राहिली. मग हळूहळू खुर्चीत बसली, आणि तिच्या आतून, कुठून कोण जाणे, एक टाहो फुटला. मोठ्यानं, बेंबीच्या देठापासून, जगात पहिल्यांदाच आलेल्या जीवासारखा.

"अगं! काय झालं?" फोनमध्ये सरिता घाबरली. "कसं आहे तिथं? बरं आहे ना?"

"बरं आहे," श्वास घ्यायला थांबत कालिंदी म्हणाली. "इथं रडता येतं."