पडद्यावरचा उजवा हात

आकुर्डी स्टेशनजवळच्या त्या पुनर्वसन केंद्रात सकाळचं ऊन थेट टेबलावर यायचं. तिथली फिजिओथेरपिस्ट अल्फिया हिने ज्योतीरामच्या छातीवर, दंडांवर आणि मनगटांवर सेन्सरचे पट्टे बांधले आणि संगणक सुरू केला. पडद्यावर निळ्या रेघांचा एक माणूस दिसू लागला. ज्योतीराम हलला, की तोही तसाच हलायचा. पाणी पिणं, टॉवेलची घडी घालणं, अशी रोजची कामं पेशंटला कितपत जमतात ते त्यावरून कळायचं.

चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीनवर अपघात झाला, तेव्हापासून ज्योतीरामचा उजवा हात लुळा पडला होता. कुणीतरी आणून ठेवल्यासारखा तो मांडीवर असायचा.

"काका, डाव्या हातानं पेला उचला."

त्याने उचलला. पडद्यावरच्या माणसाने मात्र आधी खांदा उडवला, मान तिरकी केली आणि उजवा हात पुढे केला.

अल्फियाने पट्टे तपासले. डाव्या-उजव्याची अदलाबदल झालेली नव्हती. तिने सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं.

पुन्हा तेच. खांदा, मान, उजवा हात.

कोपऱ्यात बसलेली ज्योतीरामची बायको, रुक्मिणीबाई, उठली आणि अल्फियाला दाराबाहेर घेऊन गेली.

"मॅडम, ही लकब ह्यांची न्हाई. साहेबरावची हाय." तिने दार ओढून घेतलं. "ह्यांचा जोडीदार, त्याच मशीनवरचा. ह्यांना वढून काढलं अन् सोता गेला. आमी ह्यांना सांगितलंच न्हाई. गावाला गेलाय म्हनतो."

"काकू, सेन्सरचा घोळ होतो कधीकधी," अल्फिया म्हणाली. आपल्यालाच समजावतोय, असं तिला वाटलं.

आत येऊन तिने उजव्या हाताचे पट्टे सोडले आणि डब्यात ठेवले. आता पडद्यावर तो हात दिसायला नको होता.

तो दिसत होता. पेल्याकडे सरकत होता.

अल्फियाने वायर उपटली. पडदा काळा झाला.

टेबलावर काच घासल्याचा आवाज आला.

ज्योतीरामच्या उजव्या हाताची बोटं पेल्याभोवती मिटली होती. त्याने पेला उचलला आणि तो सावकाश पाणी प्यायला.

"छान, काका," सवयीने अल्फियाच्या तोंडून गेलं.

रुक्मिणीबाईला रडू फुटलं. पुढे होऊन तिने नवऱ्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

त्याने तो अवघडून सोडवून घेतला, परक्या बाईच्या हातातून सोडवावा तसा. मग खाली बघत म्हणाला,

"वहिनी, ज्योतीराम वाचला का?"