पाच रविवारांची बंगई

बंगई मिळाली असती तर प्रतीक्षाचा फायदा असा होता : वडिलांची कुरकुर बंद, आईच्या टोमण्यांना एकदाचं उत्तर, आणि अकोल्याच्या नव्या घराला बैठकीत काहीतरी हलतं-झुलतं. एवढं सगळं एका जुन्या झोपाळ्यात येत असेल, तर सकाळी सातची एसटी पकडून अमरावतीला येणं काही महाग नव्हतं. नुकसानीच्या बाजूला तिनं काहीच धरलं नव्हतं. माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरी करणारी, नत्र-स्फुरद-पालाश दशांशापर्यंत मोजणारी मुलगी ती. पण स्वतःच्या मनाचा नमुना तिनं कधी तपासला नव्हता.

बडनेरा रोडवर कुर्बानभाईंची जुन्या फर्निचरची शेड. शेडच्या लोखंडी पाइपाला चार साखळ्यांवर ती बंगई टांगलेली – पाठीला नक्षी, हातांना गोल वळण, आणि सगळ्यावर चढवलेला सरकारी कपाटाचा राखाडी रंग. आणि तिच्यावर एक तरुण बसलेला. पायाच्या अंगठ्यानं अगदी हळू झोका घेत, जणू शेडमध्ये कुणी झोपलंय.

"उठा," प्रतीक्षा म्हणाली. "ही माझी आहे."

"बसा," तो म्हणाला. "माझी हाय, पण जागा हाय."

खरं तर दोघंही खरं बोलत होते. कुर्बानभाईंनी फोटो पाठवून फोनवर प्रतीक्षाला शब्द दिला होता. त्याच दुपारी ते नमाजाला गेले असताना त्यांच्या बेगम जहाँआरा यांनी शेडमध्ये आलेल्या या तरुणाला, संघपालला, शब्द दिला. भाव दोघांना एकच. नवऱ्याची जबान मोडावी तर नवऱ्याची इज्जत जाते, बायकोची मोडावी तर रात्रीचं जेवण. कुर्बानभाई दाढी खाजवत उभे राहिले. तोडगा काढला जहाँआरांनी. बंगई रंगवल्याशिवाय कुणी न्यायची नाही, आणि रंगवायची ती दोघांनी मिळून. दर रविवारी दहा ते एक. जो एक रविवार चुकवील त्याचा हक्क गेला. दोघंही टिकले, तर पाचव्या रविवारी चिठ्ठी टाकायची.

कुर्बानभाईंना तोडगा फार आवडला. रंगाऱ्याची मजुरी वाचत होती, आणि तिसऱ्या रविवारपर्यंत दोघांपैकी एक तरी कंटाळेल याची त्यांना खात्री होती. तीस वर्षं धंद्यात काढलेला माणूस, गिऱ्हाईक ओळखायचा. ही दोन गिऱ्हाइकं तेवढी ओळखायची चुकली.

पहिल्या रविवारी जुना रंग खरवडायचा होता. प्रतीक्षानं खडूनं बरोबर मध्ये रेघ ओढली आणि आपल्या अर्ध्या भागावर पत्री घेऊन बसली. राखाडीखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली लाल. ती सरळ ओळीत खरवडायची, वाफे पाडल्यासारखी. संघपाल अमरावतीहून रोज नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत चित्रकला शिकवायला जायचा. तो कुठूनही सुरू व्हायचा नि कुठेही संपायचा. बारा वाजता त्याची पत्री रेघेच्या चार बोटं अलीकडे आलेली तिनं पाहिली.

"तुम्ही माझ्या हद्दीत येऊन राहिले."

"खडूची हद्द हाय, मॅडम. पुसली जाते."

दुसऱ्या रविवारी भादव्याची सर आली आणि पत्र्यावर असा काही ताशा सुरू झाला की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येईना. पॉलिश पेपर घासता घासता संघपालनं खिशातला खडू काढून फळीवर लिहिलं : चहा? तिनं खडू मागून घेतला : साखर कमी. मग त्यानं लिहिलं, बस कितीची? तिनं लिहिलं, दीडची. त्यानं लिहिलं, पाऊस थांबणार नाही. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली... नि खाली लिहिलं, थांबूच नये. लिहून झाल्यावर तिलाच कळलं की आपण काय लिहिलं. तिनं घाईघाईनं त्यावर पॉलिश पेपर फिरवला. तो हसला नाही. फक्त आपल्या बाजूची फळी नको तितक्या जोरात घासायला लागला, आणि त्याचे कान प्रायमरच्या डब्यासारखे लाल झाले.

त्या दिवशी तिची दीडची बस चुकली. तीनचीही चुकली, पण तिला पावसाचं कारण होतं.

तिसऱ्या रविवारी भेगांत लांबी भरून झाली, प्रायमर लागला, आणि तो वाळेपर्यंत करण्यासारखं काही उरलं नाही. मग बोलणं आलंच. प्रतीक्षानं वडिलांचं सांगितलं. शेषराव एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं हलत्या गाडीत उभे राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांना आरामखुर्ची आणून दिली, तर तिच्यात झोपच लागेना. जमीन थांबल्यासारखी वाटते म्हणतात. बसून हलायचं हाय मले, एवढाच त्यांचा हट्ट.

संघपाल खूप वेळ हसत होता. मग थांबला. त्याला बंगई हवी होती ती थोरल्या बहिणीसाठी. रागिणीताई सातव्या महिन्यात, पहिल्या बाळंतपणाला त्याच्याकडे येऊन राहिलेली. आई नाही, माहेर म्हणजे हाच. लहानपणी त्यांच्या गावात एकाच घरी बंगई होती. ताई आठ वर्षांची असेल, काही तरी पोचवायला गेली आणि बसली.

"उठवलं तिले," तो म्हणाला. "अन् मंग बंगई धुतली."

प्रतीक्षाचे आजोबाही तशाच एका गावातून उठून अकोल्याला आले होते; तिला पुढचं विचारायची गरज नव्हती. तिनं फक्त आपल्या डब्यातली शेवटची भाकर अर्धी केली, आणि मोठा अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

चौथ्या रविवारी रंग. तिला मातकट हवा होता, त्याला हळदी. भांडण तासभर चाललं, कारण कुणालाच ते संपवायचं नव्हतं. शेवटी त्यानं झाकणावर हे-ते मिसळत एक रंग काढला – अंबाडीच्या बोंडांसारखा लाल, किंचित काळपट. दोघांनीही तो मागितला नव्हता. दोघंही बघत राहिले. ब्रश दोन होते, फळी एक. खडूची रेघ प्रायमरखाली कधीच गेली होती. मधोमध दोन ब्रश एकमेकांना लागले, थांबले... आणि निघालेच नाहीत. तिच्या गालावर रंगाचा ठिपका होता. त्यानं टर्पेंटाइनचा बोळा पुढे केला, हात अर्ध्यात थांबवला नि बोळा तिच्याच हातात दिला. काम बारालाच संपलं होतं. उठले मात्र एकला.

"पुढच्या रविवारी चिठ्ठी," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. ज्याची वाट बघायची तोच दिवस येऊ नये असं वाटण्याची ती तिची पहिलीच वेळ.

त्या आठवड्यात प्रतीक्षानं गणित मांडलं. आपण गेलो तर चिठ्ठी. चिठ्ठीत रागिणीताईची संधी निम्मी. आपण गेलोच नाही, तर पुरी. संघपालनंही अमरावतीत बसून तेच गणित मांडलं, फक्त रागिणीताईच्या जागी शेषराव लिहिले. दोघांचं उत्तर बरोबर होतं. बेरीज मात्र कुणीच केली नाही.

पाचव्या रविवारी ती अकोल्यात पडदे धूत होती. तो घरात बसून ताईसाठी शेंगा फोडत होता. शेडमध्ये कुर्बानभाईंनी घड्याळात एक वाजेपर्यंत वाट पाहिली. सव्वा वाजता परतवाड्याचे एक वकील आले. लाल बंगईवर बसले, उठलेच नाहीत. जहाँआरा थांबा म्हणाल्या. चुकवील त्याचा हक्क गेला हा कायदा कुणी बनवला होता, एवढंच कुर्बानभाईंनी विचारलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर संघपाल शेडवर आला. बंगईची जागा रिकामी बघून त्याचा जीव भांड्यात पडला. मॅडम घेऊन गेल्या ना, म्हणाला. जहाँआरांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वो भी नै आई, तुम भी नै आए. तुम दोनो को चाहिए क्या था, बेटा?"

मंगळवारी त्यानं अर्धी रजा टाकली आणि अकोल्याची एसटी पकडली.

प्रयोगशाळेच्या काउंटरवर रांग होती. प्रतीक्षानं समोर आलेली पिशवी ओढली, अर्ज पुढे घेतला आणि मान वर न करता शेतकऱ्याचं नाव विचारलं.

"संघपाल."

पेन थांबलं. मग तिनं शेताचा गट नंबर विचारला. तो नव्हता. तिनं पिशवीत हात घालून माती चिमटीत चोळली.

"ही तर कुंडीतली आहे."

"मोगऱ्याची. घाईत तेच भेटली."

"आणि पीक कोणतं घ्यायचंय?"

"ते तुमी सांगा." तो जरा पुढे वाकला. "रविवारी तुमी काहून नाही आल्या?"

"तू काहून नाही आला?"

तो 'तू' काउंटरवर पडला नि तसाच राहिला. दोघंही आपापलं कारण समोरच्याच्या चेहऱ्यावर वाचत होते. मागचे म्हातारे शेतकरी हातातली पिशवी सावरत म्हणाले, "सांगून टाक ना बापू. मलेबी बस पकडा लागते."

संघपालनं सांगून टाकलं, हळू, फळीवर खडूनं लिहिल्यासारखं. "बंगई नाही भेटली तं चालते मले, प्रतीक्षा. रविवार नाही भेटला तं... नाही चालत."

तिनं अर्ज ओढून घेतला. शेऱ्याच्या चौकटीत सरकारी अक्षरात लिहिलं : नमुना अयोग्य. रविवारी घेऊन येणे. शिक्का मारला आणि कागद सरकवला.

"रविवारी तं ऑफिस बंद असते," तो म्हणाला.

"मागं बघा ना, गुरुजी." कागदाच्या मागे तिनं घरचा पत्ता लिहिला होता.

माघात लग्न झालं. कुर्बानभाईंना फुकट रंगलेला माल मिळाला, वर वकिलाकडून चांगला भाव. जहाँआरांना लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची. वकिलाला अंबाडीच्या रंगाची बंगई. प्रतीक्षाला संघपाल, संघपालला प्रतीक्षा; त्या दोघांच्या खिशातून दमडी गेली नाही. रागिणीताई मात्र नववा महिना प्लास्टिकच्या खुर्चीवर काढून मोकळी झाली, आणि बाळ मांडीवर घेऊन भावाला सुनावून गेली की माझ्या नावची बंगई सोडायच्या आधी मले एक डाव विचारा लागत होतं. अकोल्यात शेषरावांनी नव्या जावयाचा जय भीम घेतला, बंगईचं पुढं काय झालं ते विचारलं, आणि पुन्हा त्या न हलणाऱ्या आरामखुर्चीत जाऊन बसले. शेडमध्ये ज्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, ते हे दोघं. सगळी किंमत त्यांनीच भरली.