काळी चारची शपथ

औरंगाबादच्या शहागंजातल्या हार्मोनियम-पेटी दुरुस्तीच्या दुकानात मी बद्रीनाथ मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांच्या तोंडात चार स्क्रू होते आणि माझ्या तोंडात शिव्या.

"अहो, मी विचारतेय, पेटी मिळणार कधी?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही, काही कळेना.

"आठ दिवसांवर प्रयोग आहे माझा! पेटीवाला पुण्याला पळाला. आणि ही पेटी… नुसती खोकते."

त्यांनी एकेक स्क्रू तोंडातून काढून ओळीनं मांडून ठेवला. चष्मा कपाळावर सारला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दमा झालाय तिला. भाता फाटलाय. पंधरा दिस लागतील."

"आणि माझा प्रयोग?"

"प्रयोग पेटीचा हाय का तुमचा, बाई?"

एरवी मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मात्र मी तिथल्या बाकावर बसले, ती बसलेच. दमले होते हो. आमच्या मराठवाड्यात वय अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शनपासून मोजतात. मी त्याच वर्षी अजिंठ्याजवळच्या एका खेड्यात जन्मले, म्हणजे तेव्हा सत्तेचाळिशी ओलांडली होती. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांत गायले. कंपन्या बंद पडल्या तेव्हा स्वतःचाच खेळ लिहिला, 'मी, सारजा'. दोन तास, नऊ पदं, आणि रंगमंचावर मी एकटी. स्वतःचंच आयुष्य गावोगाव सांगत फिरायचं. खेड्यातून पळून जाणं, पहिल्यांदा तोंडाला लावलेला रंग, मोडलेलं लग्न… सांगून सांगून मला त्याचा वीट आला होता. रडायच्या जागी आता डोळे आपोआप भरायचे, आणि मी मनात बसची वेळ आठवत असायची.

मास्तरांनी कोपऱ्यातली त्यांची स्वतःची पेटी ओढली आणि वाजवायला लागले. दोनच ओळी वाजल्या आणि मी ताठ बसले. माझं पद! मी ज्यात पहिल्यांदा नायिका झाले, त्या नाटकातलं.

"हे कुठं ऐकलंत?"

"वेरूळला. शिवरात्रीच्या जत्रंत. तुम्ही हिरवं लुगडं नेसला व्हता."

"निळं."

"हिरवं. मी पैल्या रांगंत व्हतो, बाई. तुम्ही आतून बघत व्हता, मी बाहेरून."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं असेल. "काळी चारमध्ये द्या," मी म्हटलं आणि गायले. काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, तोच माझा गाण्याचा सूर. विसाव्या वर्षापासून मी तिथंच गात आले. पण वरच्या सुरावर आवाज चिरकला. "धूळ आहे तुमच्या दुकानात," मी लगेच म्हणाले.

"व्हय, लई धूळ हाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी भाता हळूच मिटला. "प्रयोगाला मी येतो. ही माझी पेटी आणतो. फक्त एक हाय… हिला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाय."

"एवढी लाडाची आहे?"

"सवतीवानी समजा," ते म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन कानापर्यंत लाल झाले.

अशी सुरुवात झाली.

मास्तर प्रत्येक प्रयोगाला माझ्या आधी दोन तास हजर असत. दाढी गुळगुळीत केलेली, सदरा पांढराशुभ्र. पेटीवर जाड चादर अंथरलेली, त्यातून फक्त पट्ट्या दिसायच्या. तंबोऱ्याची मशीनही तेच लावणार. मी विंगेत आले की खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून पुढं करत. "चावा. बोलू नका. दोन तास बोलायचंच हाय."

"बोलले तर?"

"तर मला ऐकत बसावं लागंल. माझं काय, मी ऐकीन."

आणि खरं सांगू? पहिल्याच प्रयोगात माझा गळा सुटला. गेली दोन वर्षं वरच्या सुरावर जायला मी बिचकायची. आता त्यांचं बोट काळी चारवर टेकलेलं दिसलं की मी डोळे मिटून निघायची आणि सूर सहज सापडायचा. आम्ही ऑर्गनच्या काळातल्या नट्या, साथीनं दिला तो सूर धरायचा, एवढंच आमचं शास्त्र. जालना, परभणी, पैठण… आवाज मोकळा होत गेला. मला वाटलं, ज्येष्ठमध. मग वाटलं, ज्येष्ठमध नाही, हा माणूस. हा डाव्या हाताला बसलेला असला की मला वीस वर्षांपूर्वीचा गळा परत मिळतो. या वयात असलं काही वाटावं याची लाज वाटली. पण आवडलंही.

खेळाच्या शेवटी, नवव्या पदाआधी, माझं एक वाक्य होतं. मी पुढं यायची, हात जोडायची आणि म्हणायची, "मी एकटी आले, एकटी गायले. काळी चारमध्ये सुरुवात केली, आजही तिथंच आहे. ज्या दिवशी ती लागणार नाही, त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं पडदा पाडीन. शपथ आहे!" टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. मास्तर तेवढ्या वेळात चष्मा पुसत बसायचे.

परभणीहून परतताना एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. ऊन उतरत होतं. माझी मान केव्हा तरी त्यांच्या खांद्यावर पडली असावी, कारण मी जागी झाले तेव्हा ते खांबासारखे ताठ बसले होते.

"अवघडला असाल. उठवायचं नाही का?"

"नाय… बाई, एक सांगायचं हाय."

"सांगा ना."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपल्या दोघांचा पंचविसावा प्रयोग झाल्यावर सांगतो."

मी हसून मान वळवली. मला वाटलं, मला कळलंय.

पंचविसावा प्रयोग आमच्याच गावात, औरंगाबादेत होता. संध्याकाळी पाचला. मी आनंदात दुपारी दोनलाच नाट्यगृहात पोचले. मास्तर पेटी ठेवून जेवायला गेले होते. आमच्याबरोबर गावोगाव फिरणारे, दिवे लावणारे वहाबभाई शिडीवर चढलेले होते. कोपऱ्यात पायानं भाता मारायचा जुना ऑर्गन होता, आमच्या कंपनीच्या काळातला. किती दिवसांनी दिसला! मी स्टूल ओढलं, भाता मारला आणि काळी चार दाबली. दणदणीत सूर आला. त्याला धरून पद सुरू केलं… आणि वर जाताना आवाज फाटला.

पुन्हा केलं. पुन्हा फाटला.

मी उठले. मास्तरांच्या पेटीवरची चादर बाजूला केली आणि तिची काळी चार दाबली. सूर वेगळा आला. खाली, चांगला दोन घरं खाली. ऑर्गनवर शोधला तर तो काळी तीनशी जुळला. चादरीच्या टोकाखाली एक लाकडी खुंटी होती. ती सरकवली की सगळ्या पट्ट्या सरकत. बोट काळी चारवर आणि सूर तीनचा. असल्या पेट्या असतात हे मला माहीत होतं. माझ्यासमोर वर्षभर वाजत होती, ती तसली असेल हे कुठं माहीत होतं?

मास्तर आले तेव्हा मी तिथंच बसले होते. चादर माझ्या मांडीवर होती.

"कवापासून?" रागावले की माझी नाटकातली भाषा गळून पडते.

त्यांनी नाकारलं नाही. "पैल्या प्रयोगापासून. आधी एक घर उतरवलं, मग दुसरं… दुकानात गायलात तवाच कळलं व्हतं मला. धूळ नव्हती ती."

"मंग तोंड शिवलं व्हतं का तुमचं? रोज त्या लोकांसमोर मी शपथ घेते… आन् तुम्ही खाली मान घालून चष्मा पुसता!"

"सांगितलं असतं तर तुम्ही पडदा पाडला असता."

"पाडला असता! माझा पडदा हाय!"

"तुमचाच हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मंग मी रोज दाढी कुणासाठी करायची?"

मी चादर जमिनीवर टाकली. रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. ज्या गळ्याच्या जोरावर माझा या माणसावर जीव जडला, तो गळाच खोटा होता. मग बाकीचं तरी खरं कशावरून?

"हेच सांगणार होता? पंचविसाव्यानंतर?"

"व्हय. हे… आन् दुसरं बी."

"दुसरं नको. आज खरी काळी चार द्या, मास्तर. लागली तर लागली. नाही लागली, तर आजचा प्रयोग शेवटचा."

त्यांनी चादर उचलून घडी केली आणि बाजूला ठेवली. सगळ्यांना दिसेल अशी खुंटी काळी चारवर सरकवली. "देतो," म्हणाले. ज्येष्ठमधाची काडी माझ्यासमोर ठेवली आणि जाऊन बसले.

नाट्यगृह भरलं होतं. पहिली आठ पदं खालच्या अंगाची, ती मी कशीबशी रेटून नेली. घशात काटे उभे राहिले. घामानं पावडर ओघळली. एक पद संपताना मास्तरांकडे पाहिलं, तर त्यांचा हात खुंटीकडे जात होता. मी मान हलवली. हात मागे आला. शेवटच्या पदात तो वरचा सूर होता, आणि तो लागणार नाही हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. त्या क्षणी वाटलं, चिरकू दे, संपू दे एकदाचं. घरी जाऊन झोपावं, दोन दिवस कुणी उठवू नये.

मी पुढं आले. हात जोडले.

"मी एकटी आले, एकटी गायले. काळी चारमध्ये सुरुवात केली, आजही…"

मी वाक्य तिथंच सोडलं. लोक वाट बघत होते. त्यांना वाटलं, अभिनय. मला मात्र दिसत होते फक्त मास्तर. चष्मा पुसत नव्हते. सरळ माझ्याकडे बघत होते, वेरूळच्या जत्रेत पहिल्या रांगेतून बघितलं असेल तसं.

"आजही मी तिथं नाही," मी म्हणाले. "माझी काळी चार कधीच गेली. मला कळलंही नाही, कारण ह्या माणसानं कळू दिलं नाही. वर्षभर हे माझा सूर खाली धरून बसले आणि मी वर आहे असं मला वाटू दिलं. दुपारी मला फार राग आला. अजूनही आहे थोडा. पण एकटी गायले, हे मात्र मी आता म्हणू शकत नाही. ते खोटं होईल."

मी डावीकडे वळले.

"मास्तर, काळी तीन द्या."

खुंटी सरकल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. त्यांचा पहिला सूर थोडा डगमगला. मी थांबले, त्यांना सावरू दिलं. मग गायले. लोकांना माझ्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे, पण तो वरचा सूर लागला. माझा आजचा सूर, सत्तेचाळिशी ओलांडलेला, थोडा खरखरीत. पंचवीस प्रयोगांत पहिल्यांदा मी बसची वेळ आठवत नव्हते.

पडदा पडला तो वहाबभाईंनी पाडला, नेहमीसारखा. शिडीवरून उतरत म्हणाले, "क्या बाई, इतनी बात के वास्ते रो रहे? हमकू तो पैठण से मालूम था."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हौ. सबको मालूम था. वो दुसरी बात भी."

म्हणजे मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं! मी मास्तरांकडे वळले. ते पेटीचा भाता बांधत होते आणि वर बघायला तयार नव्हते. कान पुन्हा लाल झाले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले. गुडघे कुरकुरले. थकवा अंगभर होता, पण आता तो नुसता थकवा होता.

"प्रयोग झाला, मास्तर. दुसरं सांगायचं राहिलं."

"ते तुम्ही समद्यांसमोर सांगून टाकलं की… मला काय ठेवलं?"

"घाबरता?"

"लई."

मी चादर उचलून त्यांच्या हातात दिली. मग ज्येष्ठमधाची काडी दाताखाली धरली, म्हणजे आवाज कापला तरी कळू नये.

"उद्या प्रयोग नाही," मी म्हटलं. "तरी दाढी करून या."