पेल्याच्या तळाशी राहिलेली गोळी

सकाळी आजोबांच्या हातातून हृदयाची गोळी निसटून पाण्याच्या पेल्यात पडली होती. आईने त्यांना दुसरी गोळी दिली आणि पेला उशाशी तसाच राहिला. दुपारी शाल्मली तो विसळायला गेली, तर गोळी तळाशी जशीच्या तशी! तिने बोटाने दाबून पाहिली. दगडच.

शाल्मलीने पेला उजेडात धरला. सकाळपासून पाण्यात असूनही ही फुटली नाही, मग आजोबांच्या पोटात तरी फुटत असेल का?

मंगळावरच्या लालमाती वसाहतीत हा प्रश्न साधा नव्हता. पृथ्वीवरून यान यायला अजून कित्येक महिने होते. औषधाची शुद्ध पूड कपाटात भरपूर होती, पण गोळ्या इथेच कराव्या लागत. ते काम ठोकळा नावाच्या यंत्रमानवाचं. तो नावाप्रमाणेच चौकोनी होता आणि सांगितलं तेवढंच करणारा. नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून आजोबांची नाडी घोड्यासारखी धावत होती. वसाहतीची डॉक्टर असलेली आई काळजीने काळवंडली होती. "संध्याकाळपासून दोन-दोन गोळ्या देऊन बघते," असं ती मघाशीच म्हणाली होती.

शाल्मली धावत ठोकळाकडे गेली.

"ठोकळ्या, नव्या गोळ्या तपासल्या होत्यास ना?"

"वजन बरोबर. औषध बरोबर. कडकपणा उत्तम! एवढ्या कडक गोळ्या मी आजवर केल्या नव्हत्या," ठोकळा ऐटीत म्हणाला.

"आणि त्यात घातलेलं स्टार्च?"

"तू दिलेलं. आयोडीनचा थेंब टाकला, निळं झालं. म्हणजे ते स्टार्चच."

तू दिलेलं! शाल्मलीला सगळं आठवलं. स्टार्चचा (गहू, बटाटा, साबुदाणा यांत असणाऱ्या पिठूळ सत्त्वाचा) पृथ्वीवरचा डबा संपला, तेव्हा आजोबाच म्हणाले होते, "आपल्या हरितगृहातल्या गव्हाचं काढ की. कुरडयांना काढतो तसंच." तिने गहू भिजवले, वाटले, गाळले, चीक खाली बसू दिला आणि वरचं पाणी ओतून टाकलं. मग कुरडयांना शिजवतात तसा तो मस्तपैकी शिजवला, वाळवला आणि दळून ठोकळाला दिला. मीठ तेवढं घातलं नाही. औषध होतं ना!

आता सांगायचं कसं? आई रागावेल याची तिला भीती नव्हती. आपल्यामुळे आजोबांना काही झालं तर, या विचारानेच तिला रडू फुटत होतं. ती पेला घेऊन आजोबांच्या खोलीत शिरली, तेव्हा आईच्या हातात दोन गोळ्या होत्या.

"आई, थांब! त्या फुटतच नाहीत!"

आईने पेला पाहिला आणि हातातल्या गोळ्या बाजूला ठेवल्या. शाल्मलीने हुंदके देत सगळं सांगितलं. आजोबा तरुणपणापासून औषधं बनवणारे शास्त्रज्ञ. त्यांनी डोळे उघडले.

"चीक... शिजवलास?"

"हो. कच्चं कसं पोटात जाऊ द्यायचं?"

आजोबांना धाप लागली होती, तरी ते हसले. "म्हणजे मी आठवडाभर कुरडया गिळतोय!"

"बोलू नका हो बाबा," आई म्हणाली.

"बोलू दे. पोरीला कळायला हवं." ते थांबत थांबत सांगू लागले. "गोळीत माझं औषध किती? खसखशीच्या दाण्याएवढं. ते चिमटीत तरी येईल का? म्हणून त्यात भरण (गोळीचा आकार वाढवणारी साखरेसारखी पूड) घालतात. सगळं एकत्र राहावं म्हणून बंधक (कण चिकटवणारा पदार्थ). साच्याला चिकटू नये म्हणून चिमूटभर वंगण. ही झाली सहायक द्रव्यं (स्वतः औषध नसलेले, पण औषधाला मदत करणारे पदार्थ)."

"मग स्टार्च कशाला?"

"कच्च्या स्टार्चचा कण म्हणजे बारीकशी बंद पिशवी. ते कण पाणी आत ओढतात, फुगतात आणि शेजाऱ्यांना ढकलतात. गोळी फुटते. हा झाला विघटक (गोळी फोडणारा पदार्थ). पण शिजवलं की..." त्यांचा श्वास अडकला. आईने त्यांचं मनगट धरलं.

"पिशव्या फुटतात," शाल्मली हळूच म्हणाली. "चीक आटताना पळीला चिकटतो तसं होतं. खळ! मी फोडणारं द्यायच्या ऐवजी चिकटवणारंच दिलं. आणि आयोडीन दोन्हींना निळंच करतं!"

आजोबांनी मान डोलावली.

आईने एक गोळी खलात घातली. ती सहजी कुटली जाईना, जोर लावल्यावर पूड झाली. "आधीच्या गोळ्या पोटात रेंगाळल्या असतील आणि सगळं औषध एकदम चढलं तर? आत्ता अर्धीच देते," ती पुटपुटली. अर्धी पूड कोमट पाण्यात ढवळून तिने आजोबांना पाजली. उशाजवळच्या यंत्राच्या पडद्यावर नाडीची रेघ वेडीवाकडी उसळत होती. शाल्मलीने आजोबांचा हात घट्ट धरला आणि रेघेवरून नजर काढली नाही. किती वेळ गेला कोण जाणे, उसळ्या एकेक करून बसू लागल्या. आईने शाल्मलीला जवळ ओढून घेतलं.

पुढचे काही दिवस पूड चालू राहिली. तोवर शाल्मलीने पुन्हा गहू भिजवले. या वेळी चीक तिने चुलीजवळही नेला नाही, हरितगृहातल्या पंख्याच्या कोमट वाऱ्यावर वाळवला. नव्या गोळ्या आल्या, तेव्हा ठोकळा स्वतःच पाण्याचा पेला घेऊन आला.

"आता ही तपासणीही करायची," तो म्हणाला. त्याची ऐट जरा उतरली होती.

गोळी पाण्यात पडली. शाल्मली पेल्यावर वाकली. गोळी फुगली, तिला बारीक चीर गेली आणि बघता बघता तळाशी पांढरा ढीग झाला. मंगळाच्या गव्हाने पहिल्यांदाच औषधाचं काम केलं होतं.

"आणि शिजवलेलं स्टार्च टाकून देऊ?" तिने विचारलं.

"खुळी का काय? बंधक म्हणून थोडं ठेव," आजोबा उठून बसत म्हणाले, "आणि पुढच्या वेळी चीक जास्त काढ. गोळ्यांचा कच्चा ठेव आणि माझ्या कुरडयांचा शिजव. मीठ घालून!"