शेजारचा बीम

कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं म्हणून सुताराला बोलावलं. त्याने दाराला हातसुद्धा लावला नाही. जमिनीकडे बघून म्हणाला, "बाबा, कपाट सरळ आहे, घर वाकडं आहे." फटकळ मेला! पण खोटं नाही बोलला.

मग दुपारी इंजिनियर बाई आली. घर धाकट्याने बांधलेलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. आईबाप लवकर गेले, त्याला आम्ही नवराबायकोनेच लहानाचा मोठा केला. वर दोन खोल्या. एकीत मी आणि अंथरुणाला खिळलेली ही, शेजारच्या खोलीत त्याचा पोरगा. खाली धाकट्याचं गोदाम, तो वारल्यापासून बंदच.

गोदामात उभी राहून बाई वर बघत होती. "आजोबा, खोलीखालचा बीम थोडा वाकतोच. दोन्ही सारखे वाकले तर घराला कळतही नाही. पण तुमचा एवढा वाकलाय आणि शेजारचा केसभरही नाही. इतका फरक चालत नाही."

"माझ्या बीममध्ये लोखंड कमी घातलं असेल गाढवाने."

"तपासलं मी. दोन्हीत सारखंच कमी आहे. शेजारचा कसा तग धरून आहे, तेच कळत नाही."

दोन्हीत चोरी! म्हणजे निदान दुजाभाव केला नाही, एवढंच समाधान.

टेकू लावा, तोवर आजींना शेजारच्या खोलीत हलवा, असं सांगून बाई गेली. पुतण्याने काकूला अलगद उचलून स्वतःच्या पलंगावर नेऊन ठेवलं. पोर गुणी आहे.

मी टेकू शोधायला परत गोदामात गेलो. ओल्या सिमेंटचा वास येत होता. तिथे सिमेंट कुठलं आलंय? आणि श्वास ऐकू आला. पोतं पाठीवर घेतलेल्या हमालासारखा, दाबून घेतलेला. शेजारच्या बीमखालून.

"धाकट्या...?"

श्वास अडला. मग अगदी हळू, "दादा... वर माझं पोर आहे."

"आणि इतके दिवस माझ्या बाजूला कोण होतं रे? जिने तुला घास भरवला ती वहिनी ना?"

 तो दाबलेला श्वास तसाच चालू राहिला.

तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावरसुद्धा आपल्यापुरतंच बघतोय हा! आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला: आता ही याच बीमवर आहे. हाताला येईल तो टेकू ओढून मी त्याच बीमखाली उभा करायला लागलो. लाकूड बीमला पोचेना...

जिन्यावर पावलं वाजली.

"काका, थांबा, मी आलो धरायला."

"वरच थांब! काकूजवळ थांब!"

"ती झोपलीय शांत. तुमचं आपलं काहीतरीच."

तो येऊन माझ्याजवळ उभा राहिला. अंधारात कोणीतरी ओझं उतरवल्यासारखा लांब श्वास सोडला. डोक्यावर कुठेतरी कट्कन वाजलं.

"काका," पोरगा हसून म्हणाला, "मी काय लहान आहे का, डोक्यावरून हात फिरवायला?"

माझे दोन्ही हात टेकूवर होते.

आणि वर ही एकटी होती.