बर्फातली डिस्क

भुताची गोष्ट सांगावी तर आम्हीच. आमची गोष्ट ऐकून मिरकरवाडा बंदरातले भलेभले खलाशी एकमेकांचे हात धरून घरी गेलेत. आता गेल्या शिमग्यात ऐन रंगात दिवे गेले, तेव्हा सगळ्यांच्या आधी ओट्यावरून उडी मारून कोण पळालं ते विचारू नका. गुडघा अजून दुखतो. पण ही गोष्ट हरिश्चंद्राची आहे, आणि हिला दिवा जवळ असलेला बरा. सरका जरा.

हरिश्चंद्र म्हणजे ट्रॉलरच्या इंजिनांचा मिस्त्री. शाळेशी त्याचं आमच्याइतकंच जमलं. मास्तरांनी दोघांना एकाच दारातून बाहेर काढलं. पण कुठलंही यंत्र दिसलं की ते उघडून बघितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतला जुना कंप्युटर त्याने उचलून आणला, मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघून त्यात फुकटात मिळणारी लिनक्स घातली, दोन हार्ड डिस्क जोडल्या आणि मागच्या पडवीत, जाळ्यांच्या ढिगाला लागून, घरचा सर्व्हर उभा केला. एका डिस्कवर ठेवलं की तेच आपोआप दुसरीवर. एक मेली तरी दुसरी आहेच. "कंपनीला भाडं कशाला भरा? आपली पेटी, आपला कुलूप," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. लोक त्याच्या मागे हसत. आम्ही तोंडावर हसलो, एवढाच फरक.

पेटीत लग्नाचे फोटो होते, पालखीचे व्हिडिओ होते. आणि स्वरूपचा आवाज होता.

स्वरूप त्याचा एकुलता मुलगा. वादळात जो ट्रॉलर गेला तो परत आलाच नाही, त्यावर तो होता. बोट चालवणारा बाबल्या तांडेल होता, बाकीचे खलाशी होते. फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. रेंज सुटायच्या आधी त्याने आईला पाठवलेला एक निरोप तेवढा राहिला. तुळसाचा, म्हणजे हरिश्चंद्राच्या बायकोचा, मोबाईल पुढे खाऱ्या हवेने मेला, पण तोवर निरोप पेटीत उतरला होता. रोज दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून तुळसा पडवीत येई, जाळ्यांवर बसे आणि निरोप लावी. "आये, जेवलीस काय गो? मी सकाळी येतंय." बस, एवढाच. मग ती उठून पानं वाढी.

मागच्या पावसात वीज गेली ती दिवसचे दिवस आली नाही. पेटी मुकी झाली. एका संध्याकाळी खलाशांना तुळसा दिसली ती जेटीच्या अंगाला, कमरेएवढ्या पाण्यात, पुढे चाललेली. ओढून आणली. रडली नाही की भांडली नाही. "तो बोलत नाय," म्हणाली, "म्हंजे बोलावतोय."

दुसऱ्याच दिवशी घरात इन्व्हर्टर आला. कशावर आला ते हरिश्चंद्राने सांगितलं नाही. बोटातली अंगठी मात्र दिसेनाशी झाली.

तर अशा घरात, गणपती गेल्यावर, एक डिस्क मेली. आठवड्याभरात दुसरी टक् टक् करायला लागली. तुळसा हर्णैला बहिणीकडे गेलेली, उद्या दिवेलागणीच्या आत येते असं सांगून. हरिश्चंद्राचा पुतण्या विनीत मारुती मंदिराकडे कंप्युटर दुरुस्त करतो. त्याच्याकडून तशीच एक कोरी डिस्क आणली. जुनीवरचं नवीवर उतरवलं की झालं. पण जुनी उघडेचना. मग एका व्हिडिओत सापडलं, की मरायला टेकलेली डिस्क गार केली तर घटकाभर शुद्धीवर येते. तेवढ्यात काय ते उतरवून घ्यायचं.

गार करायचं! मिरकरवाड्याच्या माणसाला हे सांगायला व्हिडिओ लागतो होय?

थर्माकोलच्या पेटीत फॅक्टरीतला ताजा बर्फ भरला, डिस्क पिशवीत गुंडाळून आत पुरली. आणि शेजारी ती कोरीही पुरली. का? तर गार मासळीत गरम मासळी घालायची नसते, गरम असते ती गारला नासवते. जन्मभर बर्फात हात घातलेला माणूस, त्याला यात काही वावगं वाटलं नाही. आम्हालाही वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काढतो तर पिशव्यांत पाणी. ओळखीसाठी लावलेल्या चिठ्ठ्यांचा लगदा. डिस्का दोन्ही सारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. बघत बसायला वेळ नव्हता; तापली की गेली. तेव्हा हरिश्चंद्राने दोन तळहातांवर दोन सुरमया तोलाव्या तशा त्या तोलल्या. उजवीकडची जड लागली. चांगलीच जड. भरलेली ती जड, रिकामी ती हलकी. जडवरचं हलकीवर उतरव, असा त्याने हुकूम सोडला.

हुकूम बिनतक्रार पार पडला. मग त्याने उघडून बघितलं. दोन्ही कोऱ्या.

विनीत धावत आला तेव्हा काका जमिनीवर बसलेला.

"काका, डिस्क म्हणजे काय सुरमई वाटली तुला? भरलेली आणि रिकामी, वजन सारखंच असतं."

"ही जड होती, विनीता."

"कशी असेल?"

"हातात घेऊन बघ."

विनीतने घेतली. त्याचा हात खाली गेला. त्याने दुसरी घेतली, परत पहिली घेतली, आणि त्याच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. नंबर ताडून बघितला. "ही तर मी दिलेली. कोरी." तिच्या कडेतून थेंब गळत होते. हरिश्चंद्राला प्रत्येक गोष्ट चाखून बघायची वाईट खोड; इंजिनाचं तेलसुद्धा चाखतो. त्याने बोट जिभेला लावलं. बर्फाचं पाणी गोडं असतं. हे खारट होतं.

"पाणी टीप तिचं, आणि नीट ठेव बाजूला," विनीत हळू म्हणाला. "जुनीवर कोरं लिहिलं गेलंय, काका. आता त्यातून काय निघायचं नाय."

"तुझी काकू येईल आता."

"मी स्टँडवर जातो. चहाला बसवतो, देवळात नेतो… काय तरी करतो."

"तिला सांगू नको."

"तू काय सांगणार आहेस?"

हरिश्चंद्र खांद्यावरच्या पंच्याने ओल्या डिस्का टिपू लागला. विनीत गेला.

पुसलेलं शोधून काढणारा एक प्रोग्राम असतो, तोही फुकटातला. शोधायचं तर जुनीत शोधावं, हे त्याला कळत होतं. पण हात गेला तो जडकडे. जोडली. पडद्यावर आकडे सरकू लागले. बाहेर ऊन उतरलं, बंदरातल्या बोटींचे आवाज एकेक करून बंद झाले. पडवीत ओल्या काथ्याचा वास आला, आणि त्याखाली डिझेलचा. पंखा बंद असून कोपऱ्यातलं जाळं जरासं हललं, पाण्यात हलतं तसं, सावकाश.

काहीच सापडत नव्हतं. त्याने हात जोडले. पेटीला जोडले की कोणाला, त्यालाच ठाऊक. "एवढाच एक दे," म्हणाला, "बाकी सगळा ने…"

आणि एक फाइल आली.

स्पीकरमधून आधी पाण्याची सळसळ. मग, "आये, जेवलीस काय गो? मी सकाळी येतंय."

हरिश्चंद्राने तोंडात पदर कोंबावा तसा खांद्यावरचा पंचा कोंबला आणि रडला. इथे गोष्ट थांबती तर आम्ही पेढे वाटले असते.

पण निरोप संपला नाही. जिथे रोज संपायचा तिथून पुढे चालू राहिला.

"…बाबा हायत ना तिथं? बाबांस सांग… आता सगळा रिकामा, ऐसपैस झाला. मघा मी एकलाच मावत होतो."

मागे कुणीतरी खोकलं. बाबल्या तांडेलाचा विडीचा खोकला. बंदरात तो कुणालाही डोळे मिटून ओळखता येई. मग आणखी कुणी. मग पुष्कळ जण, दाटीवाटीने, एका लहान जागेत उतरल्यासारखे. पडद्यावर फायलींमागून फायली येत होत्या, नावं नसलेल्या. कोरी डिस्क डोळ्यांदेखत भरत चालली होती, आणि तिच्या खालून पाणी जमिनीवर उतरून उंबऱ्याकडे निघालं होतं.

"बाबा… मागचा दार लोटू नका हां. अजून येतायत."

हरिश्चंद्राने भिंतीवरचा प्लग धरला. तेवढ्यात दारात तुळसा. अंगावर प्रवासाची धूळ, हातात पिशवी. विनीतचा चहा तिने घेतला नसावा. ती पाणी ओलांडून आली, जाळ्यांवर आपल्या जागी बसली आणि कान देऊन ऐकू लागली. तोंडावर असं काही समाधान, की हरिश्चंद्राला ते बघवेना.

"तुळसा, जुना सगळा पुसला गेला. माझ्या हातून."

"कळला मला."

"हा आपला स्वरूप नाय गो. ऐक… मागं कोण कोण हायत ते ऐक."

"ऐकतेय."

स्पीकरमधला आवाज आता हळू झाला होता, कुणी कान लावून ह्या दोघांचंच बोलणं ऐकत असावं तसा. पाणी उंबऱ्याला टेकलं.

"मी वायर काढतो," तो म्हणाला.

तुळसाने मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. चिडली नव्हती ती.

"काढा. पण मग मी ऐकायला कुठं जाऊ, ता आधी सांगा."